गाण्याला लाखो व्ह्यूज, पण म्युझिक प्रोड्युसरच्या खात्यात शून्य. रॉयल्टीचं गणित नेमकं चुकतं कुठे?

एप्रिल महिना आला की अकोला आणि अमरावतीतले छोटे स्टुडिओ रात्रभर जागे असतात. १४ एप्रिलला वाजवायला नवी भीमगीतं तयार करायची असतात. ती धावपळ संपते तोवर श्रावण येतो. अकोल्यात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडींसाठी गाणी लागतात. मग गणपती, मग अमरावतीत अंबादेवीचं नवरात्र, मग लग्नसराई.

ही गाणी बनतात कुठे? घरातल्या एका खोलीत. भिंतींना फोम, एक कॉम्प्युटर, एक माइक, एक कीबोर्ड आणि सगळं एकटाच करणारा एक पोरगा. चाल तोच बांधतो, बीट तोच बनवतो, मिक्सिंग-मास्टरिंगही त्याचंच. आजच्या भाषेत तो म्युझिक प्रोड्युसर.

आता समजा, अशा एका प्रोड्युसरने एका गायकासाठी गाणं केलं. पंधरा हजार रुपये ठरले, फोन पे वर आले, विषय संपला. गायकाने गाणं आपल्या चॅनलवर टाकलं. ते चाललं, रील्सवर गेलं, व्ह्यूज लाखांत गेले. प्रोड्युसरने फोन लावला, "भाऊ, गानं तं लय चाललं, आता आमचं काई?" तिकडून उत्तर आलं, "तुले पैसे देल्ले ना बाप्पा, आता कायचे?"

इथे बहुतेक जण फोन ठेवतात आणि पुढच्या गाण्याला लागतात. पण कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर हा विषय पंधरा हजारांवर संपत नाही. उलट तिथून सुरू होतो.

तर, हा पैसा असतो कुणाचा, येतो कुठून आणि प्रोड्युसरपर्यंत पोहोचत का नाही, ते समजून घेऊ.

एका गाण्याचे किती मालक?

आपण एकच गाणं ऐकतो, पण भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याच गाण्यात वेगवेगळ्या मालमत्ता पाहतो.

पहिली मालमत्ता म्हणजे शब्द. ते गीतकाराचे. दुसरी म्हणजे चाल, म्हणजे संगीतरचना. ती संगीतकाराची. तिसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे स्टुडिओतून बाहेर पडलेली ती फाइल. तिचा मालक वेगळा असू शकतो. शिवाय गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला 'कलाकाराचे हक्क' असतात, तो चौथा धागा.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर वावर एकाचं, विहीर दुसऱ्याची आणि पीक तिसऱ्याचं असू शकतं. सातबारावर कुणाचं नाव कुठल्या रकान्यात आहे, यावर सगळं ठरतं. गाण्याचंही तसंच आहे. फरक इतकाच की गाण्याचा सातबारा तलाठी देत नाही, तो आपला आपण तयार करावा लागतो.

गाणं वाजलं की पैसा दोन वाटांनी वाहतो. एक वाट ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जाते, दुसरी शब्द-चालीच्या मालकांकडे. वऱ्हाडातल्या बहुतेक स्वतंत्र कलाकारांना पहिली वाट अर्धवट माहीत असते. दुसरी माहीतच नसते.

'प्रोड्युसर' म्हणजे नेमका कोण?

गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे.

आपण बीट बनवणाऱ्याला प्रोड्युसर म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. ध्वनिमुद्रणाचा मालकही मुळात तोच.

मग वरच्या उदाहरणात काय होतं? गायकाने ठरवलं, पैसे घातले, गाणं करून घेतलं. म्हणजे ध्वनिमुद्रणाचा कायदेशीर निर्माता गायक ठरण्याची शक्यता जास्त. रात्रभर जागलेला पोरगा नाही.

पण थांबा. चाल कुणाची? कायद्यात संगीतकार म्हणजे संगीत रचणारा, मग त्याने ते स्वरलिपीत लिहिलेलं असो वा नसो. चाल आणि संगीत त्या पोराने रचलं असेल, तर संगीतरचनेचा पहिला मालक तोच.

आणि हा हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ सांगतं की हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी. फोनवर "घे ना भाऊ, तुझंच गाणं" म्हटल्याने चालीचा कॉपीराइट जात नाही. प्रोड्युसर गायकाचा नोकर नसेल आणि त्याने कुठल्या कागदावर सही केलेली नसेल, तर पंधरा हजार मिळाल्यानंतरही चाल त्याचीच राहते. गाणं वापरायची परवानगी गायकाला मिळाली, एवढाच त्याचा अर्थ काढता येतो.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. चाल गायकाची असेल आणि प्रोड्युसरने फक्त रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग केलं असेल, तर कायदा त्याला आपोआप रॉयल्टी देत नाही. तिथे जे काही मिळेल ते करारात लिहून घेतलं तरच. बीट बनवणारा या दोघांच्या मधोमध उभा असतो. सुरावट, बेसलाइन, हुक त्याची असेल तर तो संगीतकार आहे. ते 'संगीत : अमुक' असं स्पष्ट नोंदवलेलं असलं की वाद कमी होतो.

२०१२ साली काय बदललं?

रॉयल्टीचं भांडण जुनं आहे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टीत वाटा मिळावा, अशी मागणी लावून धरली. मोहम्मद रफी यांचं मत वेगळं होतं. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच थांबवलं होतं.

१९६९ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, स्थापन झाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला की चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, चित्रपटाचा निर्माता. त्यानंतर बरीच वर्षं 'एकदा पैसे घेतले की संपलं' हाच रिवाज झाला.

२०१२ मध्ये संसदेने कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. २१ जून २०१२ पासून नव्या तरतुदी लागू झाल्या. त्यातली आपल्या कामाची तरतूद कलम १८ मध्ये आहे.

सोप्या भाषेत ती अशी : गीतकार किंवा संगीतकाराने आपला कॉपीराइट कंपनीला लिहून दिला, तरी रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क तो सोडून देऊ शकत नाही. हा हक्क फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. याच्या विरोधात केलेला करार त्या बाबतीत रद्दबातल.

म्हणजे 'मी माझे सर्व हक्क, रॉयल्टीसह, कायमचे सोडून देत आहे' असं छापलेल्या कागदावर सही झालेली असली, तरी संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्या वाक्याने संपत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं दाखवलं जातं, तेवढा वापर यातून वगळलेला आहे. पण आपलं भीमगीत किंवा कावडीचं गाणं चित्रपटाचा भाग नसतंच.

कलम १९ मध्ये आणखी दोन आधार आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. जुने करार कपाटात पडले असतील तर काढून वाचा.

एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रेडिओ कंपन्यांच्या प्रकरणात याच दुरुस्तीचा आधार घेतला. रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजतं तेव्हा शब्द आणि संगीताच्या कर्त्यांनाही रॉयल्टी द्यावी लागेल, असं न्यायालयाने म्हटलं.

मग पैसा येतो कुठून?

पहिली वाट, ध्वनिमुद्रणाची. स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक, गाना हे प्लॅटफॉर्म सहसा एकेका कलाकाराकडून थेट गाणी घेत नाहीत. मध्ये वितरक लागतो. काही वितरक वर्षाची फी घेतात, काही कमाईतला टक्का घेतात. वार्षिक फीवाल्या ठिकाणी फी भरणं थांबलं की गाणी खाली उतरू शकतात, हे आधी विचारून घ्या.

वितरक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकी कोड मिळवून देतो. हा त्या रेकॉर्डिंगचा आधार नंबर समजा. भारतात हे कोड देण्याची यंत्रणा इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. एकच रेकॉर्डिंग दोन वितरकांकडून दोन कोडने टाकलं, तर हिशोब फुटतो आणि क्लेमचं भांडण लागतं.

इथे एक गैरसमज दूर करू. स्पॉटिफाय 'एका स्ट्रीमला इतके पैसे' असा ठरलेला दर देत नाही. एखाद्या बाजारपेठेतल्या कमाईचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला निघतो आणि एकूण ऐकण्यात तुमच्या गाण्याचा वाटा जितका, तितका हिस्सा तुमच्या बाजूला येतो. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे जास्त, म्हणून तेवढ्याच स्ट्रीम्सना अमेरिकेपेक्षा इथे कमी पैसे दिसतात. शिवाय २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स नसलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही.

म्हणून कुणी 'पाचशे रुपयांत दहा हजार स्ट्रीम्स' असं सांगत आला तर लांब राहा. खोटे स्ट्रीम्स पकडले गेले की ते मोजणीतून काढले जातात, वितरकाला दंड लागू शकतो आणि वितरक गाणंच उतरवतो.

दुसरी वाट, शब्द-चालीची. ही वसुली आयपीआरएस करते. २०१७ मध्ये तिची कॉपीराइट संस्था म्हणून पुन्हा नोंदणी झाली. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, ऑनलाइन प्लॅटफॉर्म यांच्याकडून ती परवाना शुल्क घेते आणि सदस्यांना वाटते. अशा रचनांचे परवाने देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत संस्थेमार्फतच व्हावा, असं कलम ३३ म्हणतं. शिवाय तुम्ही सदस्य नसाल तर अकोल्यातून एकेका हॉटेलवाल्याकडे जाऊन हा पैसा मागणं व्यवहारात जमण्यासारखं नाही.

समजा, एका रचनेचे शंभर रुपये वाटायचे आहेत आणि हक्क म्युझिक कंपनीकडे आहेत. कायद्याच्या समान वाट्याच्या तत्त्वाने पन्नास कंपनीचे, उरलेले पन्नास गीतकार आणि संगीतकाराचे. पण तुम्ही हक्क कुणालाच दिलेले नसतील, चाल आणि शब्द दोन्ही तुमचेच असतील, तर शंभरही तुमचेच.

इथेच वऱ्हाडातला स्वतंत्र कलाकार मोठ्या कंपनीच्या संगीतकारापेक्षा चांगल्या जागी आहे. त्याच्याकडे मालकी आहे. नोंदणी मात्र नाही.

गायक आणि वादकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये नोंदणी झालेली गायकांची वेगळी संस्था आहे. आज ती इसाम्रा या नावाने वादकांनाही सामावून घेते. प्रोड्युसर स्वतः गात असेल तर ही तिसरी वाटही त्याला उघडी आहे.

यूट्यूब आणि रील्सचं काय?

आपल्याकडे गाणं म्हणजे आधी यूट्यूब. तिथे दोन कमाया वेगळ्या आहेत.

एक, स्वतःच्या चॅनलवरच्या जाहिराती. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर्स आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो. हा पैसा चॅनलच्या मालकाचा. गाणं गायकाच्या चॅनलवर असेल तर प्रोड्युसरला तो दिसणारच नाही.

दोन, कंटेंट आयडी. दुसऱ्याने तुमचं गाणं वापरून व्हिडिओ टाकला, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि जाहिरातीचा पैसा हक्कधारकाकडे वळवू शकते. ही सोय प्रत्येकाला थेट मिळत नाही, ती बहुतेकदा वितरकामार्फत घ्यावी लागते. क्लेमवर कुणी हरकत घेतली तर उत्तर द्यायला क्लेम करणाऱ्याला ३० दिवस असतात.

यात एक सापळा आहे. इंटरनेटवरून आणलेले तयार लूप किंवा भाड्याचे बीट वापरून गाणं केलं असेल, तर कंटेंट आयडीला देऊ नका. तेच लूप जगभरात हजारो लोकांनी वापरलेले असतात. तुमचा क्लेम त्यांच्यावर जातो, त्यांचा तुमच्यावर, आणि वितरक तुमचं खातं बंद करतो.

शॉर्ट्सचं गणित आणखी वेगळं. एका शॉर्टमध्ये एक गाणं वापरलं असेल तर त्या व्ह्यूजशी जोडलेल्या कमाईचा अर्धा भाग क्रिएटर्सकडे आणि अर्धा संगीताकडे जातो. दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश संगीताकडे.

इन्स्टाग्रामवर तर सगळ्यात मोठी गळती आहे. तुमचं गाणं वितरकामार्फत मेटाच्या म्युझिक लायब्ररीत गेलं असेल आणि लोकांनी तिथून निवडलं असेल, तरच वापराचा हिशोब तुमच्या नावावर लागतो. पण कुणीतरी स्पीकरवर वाजणारं गाणं मोबाइलमध्ये टिपलं, 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून टाकलं आणि त्याच ऑडिओवर पन्नास हजार रील्स झाल्या, तर नाव त्या अनोळखी खात्याचं दिसतं. गाणं व्हायरल होतं, संगीतकार होत नाही. म्हणून गाणं चॅनलवर टाकण्याआधी वितरकाकडे द्यायचं. नंतर दिलं तर पहिली लाट हातातून गेलेली असते.

२०२४ मध्ये 'गुलाबी साडी' आलं तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडने ते लिहिलं, चाल बांधली, गायलं आणि संगीत जी-स्पार्कने केलं. कुठल्याही चित्रपटाच्या आधाराविना ते देशभर रील्सवर गेलं. गीतकार, संगीतकार, गायक अशा तिन्ही रकान्यांत नाव असणं म्हणजे काय, हे छोट्या गावातल्या पोरांना त्या गाण्याने दाखवलं.

वरातीत वाजलं तर पैसे मिळतात का?

बहुतेक वेळा, नाही.

कलम ५२ मध्ये सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत, सरकारी समारंभात, तसंच लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या सोहळ्यांत गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी विभागाने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. त्याच धर्तीवर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं होतं. ते मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. परिपत्रक गेलं, पण कायद्यातली मूळ सूट कायम आहे.

वऱ्हाडातल्या प्रोड्युसरसाठी याचा अर्थ थोडा कडू आहे. त्याचं गाणं जिथे सर्वात जोरात वाजतं, त्या वरातीत त्याला कायद्याने काही मिळत नाही. म्हणून ऑनलाइन, रेडिओ आणि तिकीट लावून होणारे कार्यक्रम या बाजूंचा हिशोब चोख ठेवणं त्याच्यासाठी जास्त गरजेचं आहे.

शब्द दुसऱ्याचे असतील तर?

आपल्या भागात हा प्रश्न रोजचा आहे. गाणं नवं, पण शब्द एखाद्या संताचे किंवा लोककवीचे.

कायदा सांगतो की कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवर त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. तुकोबांचे अभंग, भुलाबाईची पारंपरिक गाणी यावर कुणाचा मालकी हक्क नाही. त्यांना नवी चाल द्या, ती तुमची.

पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं. त्यांच्या भजनांसाठी ही मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत जाते. अमरावतीत जन्मलेले सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गझलांसाठी २०६३. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४. गावोगावी गायली जातात म्हणून ती गाणी बिनमालकीची होत नाहीत. वामनदादांच्या शब्दांवर रेकॉर्डिंग काढायचं तर हक्कधारकांची परवानगी लागते आणि शब्दांची रॉयल्टी त्यांच्याकडे जायला हवी. आपल्याला आपली रॉयल्टी हवी असेल तर दुसऱ्याचीही मान्य करावी लागते.

डीजे रिमिक्सचंही तेच. मूळ गाण्याच्या मालकाची परवानगी नसेल तर रिमिक्सवर तुमचा हक्क उभा राहत नाही. यूट्यूबवर त्यावर क्लेम आला तर फक्त पैसा जातो. कॉपीराइट स्ट्राइक आला आणि ९० दिवसांत तीन झाले, तर चॅनलच जातं.

मग नेमकं करायचं काय?

पहिलं, रेकॉर्डिंगच्या आधी एका पानावर वाटणी लिहा. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, कुणाला किती टक्के. सगळ्यांच्या सह्या. वकील नंतर, कागद आधी. मित्राबरोबर काम असेल तर आणखी आधी.

दुसरं, मिळणारी रक्कम कशाची आहे ते लिहा. 'रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं मानधन' आणि 'सर्व हक्कांची किंमत' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ध्वनिमुद्रणाच्या कमाईतही टक्का हवा असेल तर तो इथेच मागा. आज अनेक वितरक कमाई थेट वेगवेगळ्या खात्यांत वाटून द्यायची सोय देतात.

तिसरं, आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं नोंदवा. नुसतं सदस्य होऊन भागत नाही. गाणं नोंदवलेलं नसेल तर त्याचा पैसा तुमच्या नावावर येणार कसा? नाव आणि टक्के वितरकाकडे, यूट्यूबवर आणि संस्थेकडे अगदी सारखे हवेत. एका ठिकाणी टोपणनाव आणि दुसरीकडे आधारवरचं नाव, अशाने पैसा अडकतो.

चौथं, प्रोजेक्ट फाइल्स सांभाळा. तारखेसह मूळ फाइल, पहिलं डेमो, व्हॉट्सॲपवरची चर्चा. कॉपीराइट मिळायला सरकारी नोंदणी सक्तीची नाही, रचना झाली की हक्क सुरू होतो. पण भांडण झालं की पुरावा लागतो. मोठ्या गाण्यांसाठी नोंदणी करून ठेवलेली बरी.

पाचवं, कराचे फॉर्म भरा. यूट्यूबच्या अमेरिकन प्रेक्षकांच्या कमाईवर तिथला कर कापला जातो. गूगलला करमाहिती दिली तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर तो १५ टक्के असतो, तोही फक्त अमेरिकेतल्या कमाईवर. माहितीच दिली नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता पुन्हा त्या फोनकडे

"तुले पैसे देल्ले ना" या उत्तरात गायकाचाही फार दोष नाही. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं की गाण्यात वेगवेगळी खाती असतात. त्याने स्टुडिओचे पैसे दिले, त्याला वाटलं सगळं विकत घेतलं.

पण चाल प्रोड्युसरची असेल आणि सही कुठेच झालेली नसेल, तर ते गाणं आजही आयपीआरएसकडे प्रोड्युसरच्या नावाने नोंदवता येतं. गायकाच्या चॅनलच्या कमाईला हातही न लावता. मागच्या व्ह्यूजचा सगळा पैसा हाती येईलच असं नाही, पुढच्याची वाट मात्र मोकळी होते.

आणि ही वाट लांब आहे. संगीतरचनेचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. आज पंचविशीतल्या पोराने अकोल्याच्या एका खोलीत बांधलेली चाल त्याच्या नातवंडांच्या काळातही कमावू शकते. त्या नातवंडांना दाखवायला व्ह्यूजचा जुना स्क्रीनशॉट ठेवायचा की सह्या असलेलं एक पान, एवढंच आज ठरवायचं आहे.